क्रिएटिनिन वाढण्याआधी : मूत्रपिंडांच्या आकस्मिक इजेविषयी वाचकांचे प्रश्न

मूत्रपिंडांच्या कामाची ओळख करून देणारा लेख मागच्या अंकात आला आणि त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच व्यथा होती : चांगला हिंडता-फिरता माणूस चार दिवसांच्या आजारात ‘किडनी फेल’ होऊन रुग्णालयात पोहोचला, हे झाले कसे? या आजाराला डॉक्टर ‘ॲक्यूट किडनी इंज्युरी’ म्हणतात. मी येथे ‘आकस्मिक इजा’ म्हणेन. पत्रांत वारंवार येणारे ‘क्रिएटिनिन’ म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात असा एक टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात तो वाढतो. त्याचे आकडे दर डेसिलिटर रक्तामागे मिलिग्रॅममध्ये दिले आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे. रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ही उत्तरे घेऊ शकत नाहीत, हे कृपया ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर त्यांना कसलेही औषध नाही. मागच्या महिन्यात त्यांना ताप आणि जुलाब झाले. अंग फार दुखत होते म्हणून घरात असलेल्या वेदनाशामक गोळ्या मी तीन दिवस दिल्या. चौथ्या दिवशी ते गळून गेले, लघवी जवळजवळ झालीच नाही आणि क्रिएटिनिन ४.६ निघाले; सहा महिन्यांपूर्वी ते १.१ होते. आता ते बरे आहेत, पण गोळ्या मी दिल्या ही गोष्ट मनातून जात नाही. माझे काय चुकले?

उत्तर : तापाने फणफणलेल्या वडीलधाऱ्या माणसाचे अंग दुखत असताना तुम्ही त्यांना आराम मिळावा म्हणून गोळी दिलीत. त्यामागे निष्काळजीपणा नव्हता, म्हणून आधी स्वतःला दोष देणे थांबवा. नेमके काय घडले ते समजून घेतलेत तर पुढच्या आजारपणात त्याचा उपयोग होईल.

हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर ढकलते त्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि त्या मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा पुढच्या नलिकांत पुन्हा शोषला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. हे गाळणे चालते ते रक्ताच्या दाबावर. प्रत्येक गाळणीत एक बारीक रक्तवाहिनी शिरते आणि एक बाहेर पडते. जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड आत येणारी वाहिनी रुंद करते, बाहेर जाणारी आवळते आणि गाळणीतला दाब टिकवून धरते. पाणी कमी आले तर आपणही बागेतल्या रबरी नळीचे तोंड बोटाने दाबून धरतो, तसाच हा प्रकार आहे.

आता या दोन्ही वाहिन्यांवर औषधांचा काय परिणाम होतो ते पाहा. आत येणारी वाहिनी रुंद ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके नेमकी तीच बनू देत नाहीत. बाहेर जाणारी वाहिनी आवळून धरणारे द्रव्य म्हणजे अँजिओटेन्सिन. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येते त्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याचा परिणाम कमी करतात. पुष्कळ वेळा त्याच गोळीत लघवी वाढवणारे दुसरे औषधही मिसळलेले असते. म्हणजे जुलाबांनी आधीच पाणी कमी झालेले, त्यात लघवीच्या औषधाने आणखी कमी केलेले, येणारी वाट अरुंद झालेली आणि जाणारी सैल पडलेली. यांतली एखादीच गोष्ट असती तर मूत्रपिंडांनी ती बहुधा निभावून नेली असती. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत चारही एकाच आठवड्यात जमून आल्या असाव्यात. त्यांची रक्तदाबाची गोळी कोणती, हे तुम्ही लिहिलेले नाही. पाकीट काढून आतल्या घटकांची नावे अवश्य वाचून पाहा.

पहिला दिवस-दीड दिवस हा बिघाड केवळ दाबाचा असतो. त्या वेळी पाणी भरून निघाले आणि वेदनाशामक थांबवले, तर मूत्रपिंड एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. मात्र रक्तपुरवठा बराच काळ अपुरा राहिला तर नलिकांचे अस्तर असलेल्या पेशी मरू लागतात. या पेशी एरवीही प्राणवायूच्या बाबतीत काठावरच जगत असतात, कारण मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू मुळातच कमी पोहोचतो. पेशी मेल्या की नुसते सलाईन देऊन भागत नाही. नव्या पेशी येईपर्यंत एक ते तीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ थांबावे लागते.

यापुढे घरात कोणाला उलट्या-जुलाब किंवा जोराचा ताप आला आणि ती व्यक्ती रक्तदाबाची, हृदयाची किंवा मधुमेहाची औषधे घेत असेल, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून एवढेच विचारा : “यांतल्या कोणत्या गोळ्या बरे वाटेपर्यंत थांबवायच्या?” ही औषधे मनाने बंद करणेही धोक्याचे असते, विशेषतः हृदयाच्या रुग्णांत, म्हणून विचारल्याशिवाय काही करू नका. अंगदुखीसाठी योग्य मात्रेतले पॅरासिटामॉल या बाबतीत अधिक सुरक्षित आहे. ओआरएस घोटाघोटाने चालू ठेवा आणि लघवी किती वेळा व किती झाली याची नोंद ठेवा.

प्रश्न : माझ्या आईला (वय ६८, वजन ४२ किलो) न्यूमोनियासाठी दाखल केले त्या दिवशी क्रिएटिनिन १.१ होते आणि अहवालावर ‘नॉर्मल’ छापलेले होते. तिसऱ्या दिवशी ते २.८ झाले. गेल्या वर्षीच्या तपासणीत ०.६ होते. प्रयोगशाळेची चूक झाली, की रुग्णालयात काही चुकीचे दिले गेले?

उत्तर : तुमच्या पत्रातले तिन्ही आकडे मला खरे वाटतात. तुमच्या आईचे मूत्रपिंड बहुधा दाखल होण्याआधीच दुखावले गेले होते आणि तो १.१ चा आकडा तेच सांगत होता, पण तो तसा वाचला गेला नाही.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून सतत तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. ज्याचे स्नायू भरपूर त्याचे क्रिएटिनिन मुळातच जास्त आणि ४२ किलोच्या वयस्क स्त्रीचे मुळातच कमी. अहवालावर छापलेली मर्यादा सर्वसाधारण प्रौढांसाठी असते. ०.६ वरून १.१ म्हणजे जवळपास १.८ पट वाढ झाली. २०१२ साली ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेली व्याख्या आज सगळीकडे वापरली जाते. त्या व्याख्येनुसार क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमने वाढले, किंवा सात दिवसांच्या आत मूळच्या दीडपट झाले, किंवा सलग सहा तास लघवी दर तासाला दर किलो वजनामागे अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तर ती आकस्मिक इजा समजतात. तुमच्या आईची वाढ त्या एकाच आठवड्यातली असेल, तर ‘नॉर्मल’ छापलेला तो अहवाल पहिल्या पायरीच्या इजेचा होता. म्हणून जुना अहवाल जपून ठेवा आणि दाखल होताना सोबत न्या, असे मी प्रत्येक रुग्णाला सांगतो. एकट्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. आधीचा आकडा शेजारी ठेवला की वाढ लगेच दिसते.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. क्रिएटिनिनला उशिरा वाढण्याची खोड आहे. समजा, आज दुपारी दोन्ही मूत्रपिंडे पूर्ण बंद पडली, तरी प्रौढ माणसाचे क्रिएटिनिन दिवसाला साधारण १ ते १.५ मिलिग्रॅमनेच वाढते. संध्याकाळच्या तपासणीत त्या बंद पडण्याची चाहूलही लागणार नाही. त्यातच भरपूर सलाईन चढवले असेल तर रक्त पातळ होऊन आकडा आणखी कमी दिसतो. लघवी मात्र पुष्कळदा आधी सांगते.

एक रात्र मला आजही स्पष्ट आठवते. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा एक रुग्ण वॉर्डात होता, वजन साठ किलोच्या आसपास. रात्रपाळीच्या सिस्टरांनी मला दोन वाजता उठवले आणि हातातला तक्ता पुढे केला. लघवीच्या पिशवीतले तासागणिक मोजलेले आकडे पेन्सिलीने लिहिले होते : ४५, ३०, २०, १०. संध्याकाळचे क्रिएटिनिन १.० होते आणि रुग्ण शांत झोपल्यासारखा दिसत होता. मी खरे तर “सकाळी बघू” म्हणणार होतो. सिस्टर एवढेच म्हणाल्या, “डॉक्टर, पिशवी हलवून पाहिली, नळी कुठे दुमडलेलीही नाही.” मग नाडी पाहिली, ती १२० होती. पोटात हळूहळू रक्तस्राव होत होता. त्याच रात्री पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि रुग्ण डायलिसिसविना घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन १.७ आले. आम्ही त्या आकड्याची वाट पाहिली असती तर काय झाले असते, याचा विचार मी नंतर अनेकदा केला आहे.

रुग्णालयात चुकीचे काही दिले गेले का, हे मी दुरून सांगू शकत नाही. न्यूमोनियासारखा गंभीर जंतुसंसर्ग स्वतःच मूत्रपिंडांना इजा करतो. अतिदक्षता विभागातल्या आकस्मिक इजेचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

प्रश्न : या आजाराची आणखी कोणती कारणे असतात? सगळ्यांवर उपचार एकच असतो का?

उत्तर : नाही, आणि म्हणूनच कारण शोधणे हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो. रक्तपुरवठा कमी पडणे आणि जंतुसंसर्ग ही कारणे वर आलीच आहेत. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी प्रतिजैविके, बुरशीवरचे ॲम्फोटेरिसिन, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन ही औषधे नलिकांच्या पेशींना थेट इजा करतात. काही औषधांची जणू ॲलर्जी होऊन मूत्रपिंडात सूज येते. आम्लपित्तावर महिनोन्‌महिने घेतल्या जाणाऱ्या ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्याही त्यांत मोडतात आणि नेमक्या त्यांच्याकडेच कोणाचे लक्ष जात नाही. लेप्टोस्पायरोसिस, तीव्र मलेरिया, घोणसासारख्या सापाचा दंश यांत मूत्रपिंडे वाचवायची तर मूळ रोगावरचे औषध किंवा प्रतिविष वेळेत मिळावे लागते. गाळण्यांचीच दाहक व्याधी असेल तर लघवीत रक्त आणि प्रथिने जातात आणि तिथे स्टेरॉइडसारखे उपचार लागतात. औषधात मिसळलेला डायएथिलीन ग्लायकॉल हा विषारी द्राव हेही एक जुने कारण आहे. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या अशाच एका पातळ औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यानंतर तिथला औषधविषयक कायदा बदलला.

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७६) दोन दिवस लघवी थेंबथेंब होत होती आणि ओटीपोट फुगले होते. क्रिएटिनिन ६ च्या पुढे गेले. नळी घातल्यावर दीड लिटर लघवी एकदम निघाली आणि आठवड्यात सगळे आकडे उतरले. हीसुद्धा आकस्मिक इजाच का?

उत्तर : होय, आणि वेळेवर लक्षात आली तर सर्वांत लवकर बरी होणारी. प्रोस्टेट वाढून वाट अडली की मागे तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच लघवी बंद झालेल्या प्रत्येक रुग्णाची सोनोग्राफी आम्ही अगदी सुरुवातीला करतो. नळीनंतरचे एक-दोन दिवस लघवी फार मोठ्या प्रमाणात होऊ शकते. तेव्हा पाणी आणि क्षार यांचा हिशेब ठेवावा लागतो. प्रोस्टेटवरचे पुढचे उपचार मात्र टाळू नका.

प्रश्न : माझ्या २२ वर्षांच्या भाच्याने व्यायामशाळेत पहिल्याच दिवशी दोन तास जोराचा व्यायाम केला. दुसऱ्या दिवशी मांड्या सुजल्या आणि लघवी काळपट तपकिरी झाली. लघवीत रक्त आहे असे पट्टीवरच्या तपासणीत आले, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्या नाहीत. हे कोडे काय आहे?

उत्तर : हे कोडे तुमच्या भाच्याच्या निदानाची किल्लीच आहे. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटले की त्यांतले मायोग्लोबिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि लघवीवाटे बाहेर पडते. पट्टी त्याला रक्तच समजते, कारण दोन्हींत लोहयुक्त घटक असतो. पण पेशी नसल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली काही सापडत नाही. हे मायोग्लोबिन नलिकांत अडकून त्यांना इजा करते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ढिगाऱ्याखाली हातपाय चिरडलेल्या माणसांना बाहेर काढल्यावर ती सुरुवातीला बरी दिसत आणि काही दिवसांनी लघवी बंद होऊन दगावत. ब्रिटिश डॉक्टर एरिक बायवॉटर्स यांनी १९४१ साली त्याचे वर्णन केले. उपचार म्हणजे रुग्णालयात लवकर आणि भरपूर सलाईन आणि पोटॅशियमवर डोळ्यांत तेल घालून लक्ष. भाच्याची क्रिएटिन कायनेजची (फुटलेल्या स्नायूंतून रक्तात उतरणाऱ्या द्रव्याची) तपासणी झाली असेलच. तो आकडा पूर्ण उतरेपर्यंत व्यायाम बंद, आणि नंतरही सुरुवात अगदी हलक्या व्यायामाने करायची.

प्रश्न : मी संगणकक्षेत्रात काम करते. मूत्रपिंडे बिघडणार हे कृत्रिम बुद्धिमत्ता दोन दिवस आधी सांगू शकते, असे वाचले. मग प्रत्येक रुग्णालयात ही सोय का नाही?

उत्तर : तुम्ही वाचलेले बहुधा २०१९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामाबद्दल असावे. डीपमाइंड या कंपनीने अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ७,०३,७८२ रुग्णांच्या नोंदी वापरून एक प्रणाली घडवली. रुग्णालयात उद्भवलेल्या आकस्मिक इजांपैकी ५५.८ टक्के आणि पुढे डायलिसिस लागलेल्यांपैकी ९०.२ टक्के इजा तिने ४८ तास आधीपर्यंत ओळखल्या. ही कामगिरी खरोखर मोठी आहे. पण त्याच लेखात पुढे दिले आहे की प्रत्येक खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे इशारे होते, आणि त्या नोंदींत स्त्रिया जेमतेम ६ टक्के होत्या. जिथे निम्मे रुग्ण स्त्रिया असतात तिथे ही प्रणाली तशीच चालेल असे गृहीत धरता येत नाही.

याहून कठीण प्रश्न इशारा मिळाल्यानंतरचा आहे. इजा झाल्याबरोबर संगणकाच्या पडद्यावर डॉक्टरांना सूचना द्यायची, असा एक मोठा प्रयोग अमेरिकेत सहा रुग्णालयांत ६,०३० रुग्णांवर झाला आणि २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले. सूचनेमुळे इजा वाढण्याचे, डायलिसिसचे किंवा मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. त्यातल्या ज्या दोन रुग्णालयांत वैद्यकीय शिक्षण दिले जात नव्हते तिथे तर सूचना मिळालेल्या गटात मृत्यू अधिक झाले. हे निष्कर्ष वाचून मी बराच वेळ सुन्न होतो. पडद्यावर लाल अक्षरे उमटली म्हणजे कोणी रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन गोळ्यांची यादी तपासली असे होत नाही, हा मी त्यातून घेतलेला अर्थ आहे.

रक्त-लघवीतल्या नव्या तपासण्यांचीही गोष्ट अशीच आहे. एनगॅल हे प्रथिन हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांत तपासले गेले. ज्या २० मुलांना पुढे इजा झाली त्यांच्यात ते दोन तासांतच वाढले होते आणि क्रिएटिनिन मात्र एक ते तीन दिवसांनी. २००५ साली या निष्कर्षाने आम्हा सर्वांना मोठी आशा दिली. पण अनेक आजार असलेल्या वयस्क रुग्णांत तीच तपासणी तितकी अचूक ठरली नाही, कारण जंतुसंसर्गातही एनगॅल वाढते. पेशी संकटात सापडल्या की आपले विभाजन थांबवतात. त्या वेळी लघवीत उतरणाऱ्या दोन प्रथिनांवर आधारलेल्या तपासणीला अमेरिकेत २०१४ साली परवानगी मिळाली. तिचा उपयोग कसा करावा हे २०१७ सालच्या एका जर्मन प्रयोगात चांगले दिसते. हृदयशस्त्रक्रियेनंतर ही तपासणी धोका दाखवत होती अशा २७६ रुग्णांपैकी अर्ध्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली आणि अर्ध्यांच्या बाबतीत रक्तदाब, शरीरातले पाणी, साखर आणि मूत्रपिंडांना घातक औषधे यांवर काटेकोर लक्ष दिले गेले. इजेचे प्रमाण ७१.७ टक्क्यांवरून ५५.१ टक्क्यांवर आले. त्यात नवे औषध एकही नव्हते. भाकिताला कामाची जोड दिली तेव्हा त्याचा रुग्णाला उपयोग झाला.

एक साधी चाचणी अतिदक्षता विभागात कुठेही करता येते. इजा झालेल्या, पण शरीरात पाणी पुरेसे असलेल्या रुग्णाला फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध ठरलेल्या मात्रेत देऊन पुढच्या दोन तासांत २०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर इजा वाढत जाण्याचा संभव मोठा असतो.

प्रश्न : लघवी कमी झाल्यावर “लघवीचे इंजेक्शन द्या, जास्त सलाईन लावा” असा आग्रह आम्ही नातेवाइकांनी धरला. डॉक्टरांनी दोन्ही मर्यादित ठेवले. आमचे काही चुकत होते का?

उत्तर : तुमची तळमळ समजते, पण डॉक्टरांनी बरोबर केले. फ्युरोसेमाइडने लघवी वाढते, मूत्रपिंड बरे होत नाही. अंगात पाणी साचले असेल तेव्हाच त्याचा उपयोग. सलाईनने रक्तदाब आणि पाणी पूर्ववत झाले की त्यापुढचा प्रत्येक लिटर फुप्फुसांत आणि खुद्द मूत्रपिंडात साचू लागतो, आणि सुजलेले मूत्रपिंड आणखी कमी काम करते. एके काळी मूत्रपिंडे वाचवण्यासाठी डोपामिन हे औषध अगदी सर्रास दिले जाई. २००० साली ३२८ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा काहीही फायदा दिसला नाही आणि ती पद्धत मागे पडली. हायड्रॉक्सिएथिल स्टार्च असलेले, सलाईनसारखे शिरेतून दिले जाणारे द्राव तर गंभीर जंतुसंसर्गाच्या रुग्णांत डायलिसिसची गरज वाढवतात, हे २०१२ साली सिद्ध झाले.

दुखावलेल्या नलिका तत्काळ बऱ्या करणारे औषध आज आपल्याकडे नाही. कारण दूर करायचे, रक्तदाब सांभाळायचा, प्रत्येक औषधाची मात्रा मूत्रपिंडांच्या कामाप्रमाणे बदलायची आणि पोटॅशियम वाढू द्यायचे नाही. पोटॅशियम फार वाढले तर हृदय अचानक थांबू शकते. तेव्हा कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देतात. त्याने पोटॅशियम उतरत नाही, पण काही मिनिटांत हृदयाला संरक्षण मिळते. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम तात्पुरते पेशींच्या आत ढकलायचे आणि तेवढ्या उसंतीत ते शरीराबाहेर काढण्याची व्यवस्था करायची.

प्रश्न : माझ्या भावाचे क्रिएटिनिन ५ झाले तरी डॉक्टर दोन दिवस डायलिसिससाठी थांबले. ही हयगय नव्हे का? आणि एकदा डायलिसिस सुरू झाले की ते जन्माचे मागे लागते, हे खरे का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण याच भीतीपायी लोक जीव वाचवणारा उपचार नाकारतात. डायलिसिस मूत्रपिंडांना अधू करत नाही. आकस्मिक इजेत ते मूत्रपिंडे सावरेपर्यंतचा आधार असते आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य रुग्णांचे ते सुटते. हे यंत्र यशस्वी झाले तेही अशाच रुग्णावर. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली, नेदरलँड्स जर्मन ताब्यात असताना, कांपेन गावच्या रुग्णालयात लाकडी पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून पहिले कृत्रिम मूत्रपिंड बनवले. पहिल्या रुग्णांना ते वाचवू शकले नाहीत. १९४५ साली बेशुद्धावस्थेत आणलेली ६७ वर्षांची एक स्त्री त्या यंत्रावरून शुद्धीवर आली, तिची मूत्रपिंडे पुन्हा सुरू झाली आणि ती नंतर काही वर्षे जगली.

आता थांबण्याविषयी. पोटॅशियम औषधांना दाद देत नसेल, रक्तातली आम्लता फार वाढली असेल, फुप्फुसांत पाणी भरले असेल, किंवा रक्तात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे ग्लानी, झटके, हृदयाच्या आवरणाला सूज आली असेल, तर एक तासही थांबू नये. यांतले काही नसताना केवळ आकड्यासाठी घाई करून फायदा नाही. २०१६ साली फ्रान्समध्ये ६२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत थांबून पाहिलेल्या गटातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना डायलिसिसची गरजच पडली नाही. २०२० साली १५ देशांत मिळून सुमारे ३,००० रुग्णांवर झालेल्या चाचणीत लवकर सुरू केल्याने ९० दिवसांतले मृत्यू कमी झाले नाहीत, उलट त्या गटात ९० दिवसांनंतरही डायलिसिसवर राहिलेले अधिक होते. तुमच्या भावाच्या बाबतीत त्या दोन दिवसांत पोटॅशियम आणि लघवी वरचेवर मोजली जात होती का, हे विचारा. मोजली जात असेल, तर ते थांबणे विचारपूर्वक होते.

प्रश्न : सीटी स्कॅनच्या इंजेक्शनने मूत्रपिंडे जातात म्हणून मी स्कॅन लांबणीवर टाकला आहे. बरोबर आहे का?

उत्तर : तुमचे मूत्रपिंडांचे काम चांगले असेल तर नाही. शिरेतून दिल्या जाणाऱ्या या द्रव्याचा धोका पूर्वी वाटत होता त्याहून बराच कमी आहे. ज्यांचे काम आधीच फार कमी आहे त्यांनी मात्र डॉक्टरांशी आधी बोलावे. वेदनाशामके त्या दिवसांत घेऊ नयेत.

प्रश्न : माझा मुलगा ३४ वर्षांचा आहे. पाच महिन्यांपूर्वी जंतुसंसर्गामुळे त्याला आकस्मिक इजा झाली, चार वेळा डायलिसिस करावे लागले. आता क्रिएटिनिन १.२ आहे आणि त्याला काहीही त्रास नाही. “झाले गेले विसरून जा” असे सगळे म्हणतात. विसरायचे का?

उत्तर : आजाराची भीती जरूर विसरा, पण नोंद जपा. क्रिएटिनिन जागेवर आले तरी काही नलिका आणि गाळण्या कायमच्या गेलेल्या असू शकतात. उरलेल्या गाळण्या जास्त काम करून आकडा सावरून धरतात. अशा व्यक्तीला पुढे दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, उच्च रक्तदाब आणि पुन्हा अशीच इजा होण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो. त्यातच दीर्घ आजारपणात स्नायू झिजलेले असल्यामुळे १.२ हा आकडा प्रत्यक्षाहून बरा दिसत असेल. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली तपासणी उपयोगी पडते.

इजेनंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे अशी शिफारस आहे : क्रिएटिनिन, रक्तदाब आणि लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन. तुमच्या मुलाला पाच महिने झाले आहेत आणि पत्रात लघवीच्या तपासणीचा उल्लेख नाही. ती राहिली असेल तर याच आठवड्यात सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना द्या. रुग्णालयातून सुटताना मिळालेल्या कागदावर सर्वांत जास्त चढलेले क्रिएटिनिन आणि डायलिसिसच्या तारखा आहेत का ते पाहा. नसतील तर त्या लिहून घ्या आणि यापुढे तो ज्या ज्या डॉक्टरांकडे जाईल, अगदी दातांच्यासुद्धा, त्यांना कोणतीही वेदनाशामक गोळी लिहून देण्याआधी तो कागद दाखवायला त्याला सांगा.